आइसलँडभोवती जहाजातून: पफिन, देवमासे आणि आर्क्टिक कोल्हा पाहण्यासाठी सफर कशी आखावी

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आइसलँडला पोचलेल्या माणसाला हिरवे डोंगर दिसतात, धबधबे दिसतात, नशिबात असले तर देवमासेही दिसतात. पक्ष्यांचे कडे मात्र रिकामे झालेले असतात. जिथे जूनमध्ये लाखो पक्ष्यांच्या कलकलाटात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, तिथे उरतात पांढऱ्या विष्ठेचे डाग आणि फुल्मार जातीचे थोडे समुद्री पक्षी. म्हणून या सफरीची आखणी तिकिटाच्या भावावरून किंवा मुलांच्या सुट्टीवरून सुरू करू नका. आधी पक्ष्यांची तारीख, मग जहाज, मग व्हिसा, आणि सगळ्यात शेवटी कपडे.

तारीख कशी ठरवायची

पफिन, म्हणजे रंगीत चोचीचे काळे-पांढरे समुद्री पक्षी, एप्रिलच्या उत्तरार्धात समुद्रावरून कड्यांवर येतात. जगातल्या अटलांटिक पफिनांपैकी निम्म्याहून अधिक आइसलँडमध्ये वीण घालतात. जोडी एकच अंडे घालते. ते उबायला साधारण सहा आठवडे लागतात आणि पिल्लू आणखी सहा आठवडे बिळात असते. जुलैमध्ये आईबाप दिवसभर चोचीत आडवे मासे धरून ये-जा करतात. ज्या फोटोसाठी लोक इतक्या लांब येतात, तो मिळण्याचा हाच काळ. ऑगस्टच्या मध्यानंतर पक्षी झपाट्याने निघून जातात.

गिलमॉट आणि रेझरबिल हे कड्यांवरचे दुसरे समुद्री पक्षी त्याहून घाईचे. त्यांची पिल्ले तीनेक आठवड्यांची झाली की पूर्ण उडता येण्याआधीच कड्यावरून समुद्रात उडी घेतात आणि पुढचे संगोपन बाप पाण्यात करतो. जुलैचा उत्तरार्ध सुरू होईपर्यंत कडे विरळ व्हायला लागतात. निळा देवमासा उत्तरेच्या स्क्याल्फांदी उपसागरात बहुधा मेअखेर ते जुलैच्या सुरुवातीपर्यंत दिसतो. हंपबॅक जातीचा देवमासा मात्र पूर्ण उन्हाळाभर असतो.

सगळे गणित मांडले तर १० जून ते १० जुलै हा महिना सर्वांत भरगच्च ठरतो. फक्त देवमासे हवे असतील तर ऑगस्टही चालेल. सप्टेंबरमध्ये रात्री पुन्हा काळोख्या होतात आणि उत्तरप्रकाश दिसू शकतो, पण पक्ष्यांसाठी जाणाऱ्याने त्या महिन्याच्या वाटेला जाऊ नये. आपल्याकडे पाऊस सुरू होतो तेव्हाच तिकडचा हंगाम भरात असतो, हे रजेच्या अर्जापूर्वी लक्षात असू द्या.

जहाज निवडताना विचारायचे प्रश्न

बेटाला पूर्ण प्रदक्षिणा घालायला ७ ते १० रात्री लागतात. दोन-तीन हजार प्रवाशांचे मोठे क्रूझ जहाजही ही फेरी मारते, पण ते मोठ्या बंदरांपुरतेच थांबते आणि कड्यांजवळ जाऊ शकत नाही. वन्यजीवांसाठी १०० ते २०० प्रवाशांचे, स्वतःच्या रबरी मोटारबोटी बाळगणारे जहाज हवे. या बोटींना सगळे झोडियॅक म्हणतात. एका बोटीत चालक-मार्गदर्शक सोडून साधारण १० जण बसतात.

पैसे भरण्यापूर्वी कंपनीकडून या गोष्टी लेखी घ्या. बोटी किती आणि सगळे प्रवासी एकाच वेळी पाण्यात उतरू शकतात का? दोन पाळ्या असतील तर कड्याखालचा तुमचा वेळ निम्मा होतो. निसर्ग-मार्गदर्शक किती, आणि त्यांच्यात समुद्री पक्षी आणि सस्तन प्राणी ओळखणारे कोण? नाळेवरचा, म्हणजे पुढच्या टोकाचा उघडा डेक प्रवाशांना खुला असतो का? काही जहाजांत तो बंदच असतो, आणि देवमासा पाहण्याची सर्वांत चांगली जागा नेमकी तीच असते. आर्क्टिकमधल्या मोहीम-जहाज कंपन्यांची ‘एको’ नावाची संघटना २००३ पासून आहे. कंपनी तिची सदस्य आहे का, हेही विचारा, कारण तिचे वन्यजीवविषयक नियम सदस्यांना पाळावे लागतात.

आणखी एक प्रश्न हॉर्नस्ट्रांदिरचा. वायव्य टोकाच्या या राखीव क्षेत्रात मोठ्या गटांना उतरण्यावर निर्बंध आहेत. माहितीपत्रकात नाव छापलेले असते, पण तिथे पाय टेकणार की बोटीतूनच पाहणार, ते स्पष्ट करून घ्या. आर्क्टिक कोल्हा दिसण्याची आशा बरीचशी त्या उत्तरावर अवलंबून आहे.

खोली निवडताना बाल्कनीला जादा पैसे देण्याआधी दोनदा विचार करा. बाल्कनीतून जहाजाची एकच बाजू दिसते आणि प्राणी नेमका दुसऱ्या बाजूला येतो. तेच पैसे आणखी दोन रात्रींच्या सफरीत घालणे शहाणपणाचे. बोट लागण्याचा त्रास असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या लांबीच्या मध्यावरची खोली घ्या. तिथे हेलकावा सर्वांत कमी जाणवतो.

व्हिसा, विमान आणि विमा

आइसलँड शेंगेन गटात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यासाठी व्हिसा केंद्रातल्या भेटीच्या वेळा लवकर भरतात, त्यामुळे तीन-चार महिने आधी हालचाल करा. पासपोर्ट मागच्या दहा वर्षांत दिलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. व्हिसासाठी एवढा पुरतो, पण जहाज-कंपन्या समुद्रातून रुग्ण हलवण्याच्या खर्चासाठी बहुधा याहून मोठे संरक्षण मागतात. जहाजाचे बुकिंगपत्र निवासाचा पुरावा म्हणून जोडा. त्यावर जहाजाचे नाव, चढण्या-उतरण्याच्या तारखा आणि बंदरे असावीत.

काही सफरी आइसलँडबरोबर ग्रीनलँड किंवा फेरो बेटेही करतात. ही दोन्ही ठिकाणे शेंगेनबाहेर आहेत. तिथे डेन्मार्ककडून त्या प्रदेशासाठीचा वेगळा व्हिसा लागतो, शिवाय परत येताना शेंगेनमध्ये दुसरा प्रवेश होतो, म्हणून व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. चढतानाच परत पाठवले जाण्याचे प्रसंग या एका चुकीमुळे येतात.

मुंबईहून कोपनहेगन, फ्रँकफर्ट, ॲमस्टरडॅम किंवा हेलसिंकीमार्गे जाता येते. लंडनमार्गे तिकीट स्वस्त दिसले तरी ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा तुम्हाला लागतो का, ते आधी तपासा. शेंगेनमधल्या पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होते, आणि ऑक्टोबर २०२५ पासून तिथे बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद घेणारी नवी पद्धत सुरू झाली आहे. दोन विमानांत किमान तीन तास ठेवा. जहाज सुटण्याच्या दोन दिवस आधी रेक्याविकला पोचा. हरवलेली बॅग सापडून हाती यायला तेवढा वेळ लागतो, आणि एकदा जहाज सुटले की ती बॅग तुमच्या मागे धावत राहते.

सामान: पावसाळ्याची सवय इथे अपुरी पडते

जून-जुलैत किनाऱ्यावर तापमान साधारण ८ ते १३ अंश असते. आकडा ऐकून महाबळेश्वरची थंडी आठवते, पण बोट वेगात असताना वारा आणि तुषार मिळून ती थंडी शून्याच्या जवळची वाटते. छत्री आणि पोंचो घरीच ठेवा. पहिल्या झोताला छत्री उलटते, आणि पोंचो वाऱ्यात फुगून चढता-उतरताना पायात येतो.

अंगाला लागून लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, त्यावर फ्लीस, त्यावर पूर्ण जलरोधक जाकीट आणि तशीच पँट. सुती बनियन आणि जीन्स ओली झाली की सुकत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. जलरोधक पँट सगळ्यात महत्त्वाची, कारण बोटीच्या फुगीर कडेवर बसायचे असते आणि ती ओली असते. गमबूट बहुतेक जहाजांवर वापरायला मिळतात, फक्त माप आधी कळवा. हातमोज्यांचे दोन जोड हवेत: आत पातळ, बाहेर जाड. लोकरी मोजे तीन जोड. कानटोपी घट्ट बसणारी. आणि डोळ्यांवर बांधायची पट्टी विसरू नका, कारण २१ जूनच्या सुमारास रेक्याविकलाही सूर्य मध्यरात्रीनंतर मावळतो आणि तीनच्या आसपास पुन्हा उगवतो. पट्टी नसली तर तिसऱ्या दिवशी झोप पुरी न झाल्याने डेकवर उभे राहवत नाही.

दुर्बीण ८ बाय ४२, म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी, घ्या. हलत्या डेकवर १० पटींत चित्र थरथरते आणि पाहण्याचे क्षेत्रही लहान होते. दोघांत एक दुर्बीण नेऊ नका. देवमासा वर येतो त्या तीन सेकंदांत ती दुसऱ्याच्या गळ्यात असते. कॅमेऱ्याला १००-४०० मिलिमीटरची झूम लेन्स पुरते. सोबत गुंडाळून बंद करायची जलरोधक पिशवी हवी. थंडीतून थेट उबदार खोलीत कॅमेरा काढला की काचेवर वाफ धरते, म्हणून तो तासभर पिशवीतच राहू द्या. विजेचे सॉकेट दोन गोल पिनांचे, २३० व्होल्टचे. भारतीय तीन पिनांच्या चार्जरला अडॅप्टर लागेल.

शाकाहारी आणि विशेषतः जैन जेवण बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, कारण जहाजाची रसद निघण्यापूर्वीच भरलेली असते. कोरडी चटणी, मेतकूट, चिवडा न्यायला हरकत नाही. मांसाचे आणि दुधाचे पदार्थ युरोपबाहेरून नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे-बर्फी घरीच राहू दे.

बोट लागू नये म्हणून

सगळ्यात जास्त हेलकावे दोन टप्प्यांत बसतात: हॉर्नस्ट्रांदिरचे टोक ओलांडताना, आणि दक्षिण किनाऱ्यावर. दक्षिणेला आग्नेयेच्या हफ्नपासून वेस्टमान्नाएय्यार बेटांपर्यंत आडोशाचे बंदर नाही. हिमनद्यांनी वाहून आणलेल्या काळ्या वाळूचा सरळ किनारा आहे आणि त्यावर उघड्या अटलांटिकच्या लाटा येतात. गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर पोटात टिकत नाही. ती आधी, म्हणजे त्या टप्प्याच्या किमान तासभर अगोदर घ्यायची. आपल्याकडची ॲव्होमिन बहुतेकांना लागू पडते, पण तिने झोप येते. प्रोस्टेट, काचबिंदू किंवा इतर आजारांची औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच न्या. रिकामे पोट मळमळ वाढवते, म्हणून कोरडी बिस्किटे आणि आल्याची वडी जवळ असू द्या. खोलीत मोबाइल पाहत पडू नका, बाहेर येऊन क्षितिजाकडे पाहा.

झोडियॅकमध्ये चढणे आणि उतरणे

अपघाताची शक्यता जास्तीत जास्त याच दोन मिनिटांत असते. क्रम पाठ करून ठेवा.

१. खोलीतून निघतानाच लाइफ जॅकेट घाला आणि सगळे बक्कल लावा. पँटचे पाय गमबुटांच्या बाहेरून सोडा. आत खोचले तर बुटात पाणी जाते.

२. बूट जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये बुडवा. त्याआधी तळव्याच्या खाचांतले गवत, बी, माती काढलेली हवी. जाकिटाच्या चिकटपट्टीत अडकलेले कुसळही काढा.

३. जहाजातून बाहेर पडल्याची नोंद करा: कुठे कार्ड स्कॅन करतात, कुठे फळ्यावरचा नंबर उलटवतात. परत आल्यावरही तेच. विसरलात तर तुम्ही किनाऱ्यावर राहिलात असे समजून शोध सुरू होतो.

४. दोन्ही हात मोकळे. कॅमेरा पाठपिशवीत, पिशवी खलाशाच्या हातात.

५. खलाशाचा पंजा धरू नका, मनगटाच्या वर एकमेकांचा हात धरा. ओला पंजा निसटतो, अशी पकड सुटत नाही. बोट लाटेवर वर आली आणि त्याने सांगितले की पाऊल फुगीर कडेवर, दुसरे आतल्या पायरीवर, आणि लगेच बसून सरकायचे. उभ्याने पुढे जायचे नाही.

६. किनाऱ्यावर धक्का नसेल तर पाण्यात उतरावे लागते. नाळेकडे सरका, बसल्या बसल्याच दोन्ही पाय मागच्या दिशेने फिरवून बाहेर घ्या, लाट ओसरली की मार्गदर्शकाच्या इशाऱ्यावर उभे राहा. उडी मारू नका. पाणी गुडघ्याखाली दिसते, पण मागून येणारी लाट तेवढीच नसते.

गुडघे बदललेले असतील किंवा तोल जात असेल तर जहाजावरच्या डॉक्टरांना आणि मार्गदर्शकांना पहिल्याच दिवशी सांगा. ते तुम्हाला शांत पाण्याच्या फेरीत बसवतात. लपवल्याने सगळ्यांचीच अडचण होते.

वारा २५ नॉटच्या (ताशी साधारण ४५ किलोमीटरच्या) आसपास गेला किंवा जहाजाच्या शिडीशी लाट फार उसळत असली की बोटी उतरत नाहीत. कार्यक्रमपत्रिकेतले एखाद-दुसरे ठिकाण गळणे हे नेहमीचेच. कप्तान दिशाही बदलतो: घड्याळाच्या दिशेने ठरलेली फेरी वाऱ्यामुळे उलटी होऊ शकते. हवामान रोज पाहायचे असेल तर वेदूर डॉट आयएस या आइसलँडच्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर वाऱ्याचा नकाशा मिळतो.

कडा वाचायला शिका

घड्याळाच्या दिशेने निघालेले जहाज स्नैफेल्सनेस द्वीपकल्प आणि ब्रेइदाफ्योर्दुर उपसागर मागे टाकून लात्राब्यार्गला येते. हा कडा १४ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त ४४१ मीटर उंच आहे. सह्याद्रीच्या घाटात फिरलेल्या माणसाला तो पाहताच ओळखीचा वाटतो, आणि ती ओळख खरी आहे. लोहगड-राजमाचीच्या कड्यांवर दिसतात तशाच लाव्हाच्या आडव्या पट्ट्या, दोन थरांमध्ये मऊ, लालसर माती. आपला बेसॉल्ट ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा, इकडचा दीडेक कोटीचा. मधला मऊ थर झिजतो, वरचा कठीण थर छज्जासारखा पुढे राहतो, आणि त्या छज्ज्यावर पक्ष्यांची वसाहत बसते. ज्वालामुखीने बांधलेली ही चाळ आहे आणि प्रत्येक मजल्यावर भाडेकरू वेगळा.

बोट खाली थांबली की नजर तळापासून वर न्या. पाण्यालगतच्या खडकांवर पंख पसरून बसलेला काळा पक्षी शॅग, आपल्या पाणकावळ्याचा भाऊबंद. पायथ्याच्या दगडांच्या राशीत आणि फटींत रेझरबिल: जाड, चपटी चोच आणि तिच्यावर पांढरी रेघ. लात्राब्यार्गची त्यांची वसाहत जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. मधल्या अरुंद, उघड्या पायऱ्यांवर खांद्याला खांदा लावून उभे ते गिलमॉट. ते घरटे बांधत नाहीत, अंडे सरळ खडकावर घालतात. साधा गिलमॉट तपकिरी झाक असलेला. ब्रुनिकचा गिलमॉट काळाभोर, आणि त्याच्या वरच्या चोचीच्या कडेला पांढरी रेघ. दोन्ही एकाच पायरीवर असू शकतात, म्हणून घाईने नोंद करू नका. जिथे पाय ठेवायलाही जागा नाही अशा टोकांवर चिखल-गवताचे घरटे चिकटवलेले असते ते किटिवेकचे. पंखांची टोके शाईत बुडवल्यासारखी पूर्ण काळी, आणि ओरडतो तोही स्वतःचेच नाव. रुंद, गवताळ जागांवर फुल्मार. त्याच्या पिल्लाजवळ कधीच जाऊ नका. ते पोटातले दुर्गंधी तेल नेम धरून थुंकते आणि तो वास कपड्यांतून जात नाही.

सर्वांत वर, गवताच्या मातीत बिळे खणून पफिन. म्हणजेच बोटीतून पफिन पाण्यावर आणि उडताना चांगले दिसतात, बिळाशी पाहायचे तर जमिनीवर जावे लागते. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे ‘लात्राब्यार्गला पफिन जवळून दिसलेच नाहीत’ अशी निराशा पुष्कळांच्या पदरी येते.

उडत्या पफिनच्या फोटोला शटर किमान १/२००० सेकंद ठेवा, आयएसओ स्वयंचलित. तो मिनिटाला ४०० वेळा पंख मारतो आणि सरळ रेषेत जातो. त्याच्या मागे लागण्यापेक्षा येण्याची वाट ठरवून तिथे कॅमेरा धरा. काळ्या-पांढऱ्या अंगामुळे पांढरा भाग जळतो, म्हणून उजेड असेल तेव्हा एक्स्पोजर थोडे उणे करा.

वाटेतले थांबे

इसाफ्योर्दुरजवळचे विगुर हे छोटे बेट आयडर बदकांसाठी प्रसिद्ध आहे. मादी स्वतःच्या छातीची पिसे काढून घरट्यात अंथरते, आणि बेटावरचे लोक ती गोळा करून रजया बनवतात. आखून दिलेली वाट सोडू नका, कारण मादी पायाजवळ बसलेली असूनही दिसत नाही. इथेच आर्क्टिक सुरयची पहिली गाठ पडते. हा पक्षी दरवर्षी उत्तर ध्रुवाच्या बाजूहून दक्षिण ध्रुवाच्या बाजूला जाऊन येतो, आणि घरट्याजवळ आलेल्या माणसाच्या डोक्यातून रक्त काढतो. तो सर्वांत उंच टोकावर झडप घालतो, म्हणून मार्गदर्शक देतात ती काठी डोक्याच्या वर सरळ धरा. ती फिरवू नका, हात झटकू नका. अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांच्याच रंगाची असतात. नजर पायाशी ठेवून आल्या वाटेने मागे व्हा.

हॉर्नस्ट्रांदिर १९७५ पासून राखीव आहे. रस्ता नाही, कायम वस्तीही उरलेली नाही. आर्क्टिक कोल्हा हा आइसलँडचा एकमेव मूळचा भूचर सस्तन प्राणी. किनाऱ्यावरचे बहुतेक कोल्हे उन्हाळ्यात गडद तपकिरी असतात, चित्रातला पांढराशुभ्र कोल्हा शोधत बसलात तर समोरचा दिसणार नाही. इथला हॉर्नब्यार्ग कडा ५३४ मीटर उंच, आणि कोल्हा त्याच्या पायथ्याशी पडलेली पिल्ले आणि अंडी वेचतो. त्यामुळे भरतीच्या रेषेवरच्या शेवाळाच्या पट्ट्यावर आणि कड्याखालच्या उतारावर दुर्बीण फिरवा. दिसला की गटाने एकत्र, शांत उभे राहा. खाणे देऊ नका. बसू किंवा गुडघे टेकू नका, पिशवीही खाली ठेवू नका: पक्ष्यांच्या फ्लूच्या साथीनंतर मोहीम-जहाजांनी हा नियम घालून घेतला आहे. माती बुटाखेरीज कशालाच लागता कामा नये.

उत्तरेच्या ग्रिमसेय बेटावरून आर्क्टिक वर्तुळ जाते. वर्तुळ दरवर्षी काही मीटर उत्तरेला सरकते, म्हणून २०१७ मध्ये तिथे खूण म्हणून ठेवलेला आठ टनांचा काँक्रीटचा गोल सरकवता येईल असा केला आहे. त्याच्यापर्यंत चालत जाऊन यायला दोन-अडीच तास लागतात. बेटावर थांबा तेवढाच असेल तर गोल सोडा आणि पश्चिमेच्या कड्यावर पफिनांपाशी बसा म्हणण्यापेक्षा उभे राहा.

पफिनच्या बाबतीत एक खूण लक्षात ठेवा. चोचीत मासे घेतलेला पक्षी तुमच्यावरून दोन-तीन घिरट्या घालतो आणि उतरत नाही, याचा अर्थ तुम्ही त्याच्या बिळाच्या तोंडाशी किंवा वाटेत आहात. पाचसहा पावले मागे व्हा, तो लगेच उतरेल. आणि गवताच्या कडेवर जाऊ नका. जमीन बिळांनी पोकळ झालेली असते, पायाखालचे बीळ ढासळते आणि काही वेळा माणूसही.

उत्तरेला आकुरेरी किंवा हुसाविकहून मीव्हात्न सरोवराची बस-फेरी असते. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी न्या, चिलटे चावोत न चावोत, नाकाकानात शिरतात. सरोवरातून निघणाऱ्या लाक्सा नदीवर हार्लेक्विन बदक पाहायचे असेल तर जूनमध्येच, कारण रंगीत नर त्यानंतर समुद्राकडे जातात. युरोपात हे बदक फक्त आइसलँडमध्ये वीण घालते. पाण्यावर भोवऱ्यासारखा गरगर फिरणारा छोटा पक्षी लाल मानेचा फॅलरोप. स्कँडिनेव्हिया-रशियातले त्याचे जातभाई हिवाळा आपल्या अरबी समुद्रावर काढतात.

पूर्वेला बोर्गारफ्योर्दुर एय्स्त्रीच्या हाफ्नारहोल्मीवर पफिनांच्या अगदी बाजूला लाकडी मचाण बांधलेले आहे. संपूर्ण बेटावर पफिन जवळून पाहायला याहून सोयीची जागा आम्हाला माहीत नाही. जहाज तिथे थांबत नसेल आणि सेय्दिसफ्योर्दुरला दिवसभर असेल, तर खाजगी गाडी करून जाऊन या. दुपारी पक्षी समुद्रात असतात, संध्याकाळी परततात, म्हणून निघण्याची वेळ उशिराची धरा.

देवमासा डेकवरून

उत्तर आणि पश्चिम किनाऱ्याला उबदार आणि थंड प्रवाह भेटतात, केपलिन आणि सँड इल या लहान माशांचे थवे जमतात, आणि त्यांच्यामागे देवमासे येतात. म्हणून आधी पक्षी शोधा: किटिवेक आणि फुल्मार एका जागी गोळा होऊन पाण्यावर आदळत असतील तर तिथून नजर हलवू नका.

दुर्बीण लावून शोधू नका. उघड्या डोळ्यांनी क्षितिजापासून जवळपर्यंत पट्ट्यापट्ट्याने पाहा, काही हलले तरच दुर्बीण. दिसल्यावर घड्याळाच्या भाषेत ओरडा: नाळ म्हणजे बारा, उजवी बाजू तीन, मागे सहा, डावी नऊ. ‘तिकडे, तिकडे’ म्हटल्याने कुणालाच काही सापडत नाही.

फवाऱ्यावरून ओळख पटते. उंच, सरळ खांब, नऊ मीटरपर्यंत, आणि मग लांबच लांब निळसर पाठ सरकत राहून शेवटी पाठीवरचा एवढासा पर: निळा देवमासा. झुडपासारखा, पसरट फवारा, आणि खोल बुडी घेताना शेपूट पूर्ण वर: हंपबॅक. पुढे आणि डावीकडे कललेला फवारा: स्पर्म व्हेल, बहुधा स्नैफेल्सनेसच्या पश्चिमेच्या खोल पाण्यात. फवारा जवळजवळ दिसतच नाही, फक्त पाठ आणि वाकडा पर: मिंकी. उंच, काळा, सरळ पर: ओर्का, उन्हाळ्यात वेस्टमान्नाएय्यारच्या बाजूला शोधा.

हंपबॅक पाच-सहा वेळा श्वास घेऊन खाली जातो आणि पाच-दहा मिनिटांनी येतो. जिथे गेला तिथेच कॅमेरा रोखून बसू नका, थोडे पुढे पाहा. स्पर्म व्हेल मात्र पाऊण तास खाली राहू शकतो. त्याने शेपूट वर केली की चहा घ्यायला हरकत नाही. हंपबॅकच्या शेपटीच्या खालच्या बाजूचा काळा-पांढरा नक्षीकाम प्रत्येकाचा वेगळा असतो. तो फोटो स्पष्ट आला तर तारीख आणि जागेसह हॅपीव्हेल या संकेतस्थळावर चढवा. तो प्राणी आधी कुठे दिसला होता तेही कळू शकते.

जेवणाच्या टेबलावर देवमासा किंवा पफिन आइसलँडच्या काही हॉटेलांत आजही मिळतो. आमचे स्पष्ट मत आहे की तो मागवू नये. पर्यटकांची मागणीच अशा पदार्थांना टिकवून धरते.

दक्षिण टोक आणि शेवटचा दिवस

सुर्तसेय हे बेट १४ नोव्हेंबर १९६३ रोजी समुद्रातून वर येऊ लागले आणि उद्रेक जून १९६७ पर्यंत चालला. २००८ पासून ते जागतिक वारसा आहे. शास्त्रज्ञांशिवाय कुणालाही उतरता येत नाही, जहाज लांबून वळसा घालते. शेजारच्या हेइमाएयवर २३ जानेवारी १९७३ च्या रात्री एल्दफेल ज्वालामुखी फुटला आणि पाच हजारांवर लोकांना मासेमारीच्या होड्यांतून हलवले गेले. लाव्हा बंदराचे तोंड बुजवायला निघाला तेव्हा त्यावर समुद्राचे पाणी मारून तो थंड केला. आज जहाज त्याच अरुंद तोंडातून आत शिरते. वारा जोरात असला तर शिरता येत नाही, त्यामुळे शेवटच्या क्षणी रद्द होणाऱ्या ठिकाणांत याचा नंबर वरचा. शिरलात तर एल्दफेलच्या माथ्यावर चढायला तासभर लागतो. बूट जाड तळव्याचे हवेत, राखेवर पाय घसरतो.

परतीचे विमान उतरण्याच्या दिवशीच ठेवू नका. धुके, लाटा आणि रद्द झालेले थांबे यांमुळे पफिन मनासारखे दिसले नसतील, तर रेक्याविकच्या जुन्या बंदरातून मे ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत अकुरेय बेटाकडे लहान बोटी सुटतात. फेरी एक तासाची असते आणि बेट बंदरापासून काही मिनिटांवर आहे. सकाळच्या फेरीत उजेड मागून येतो की समोरून, ते तिकीट घेताना विचारा आणि त्याप्रमाणे बोटीची बाजू धरा.